शिवायचं नाही

आपल्या भाषेत पाळी आलेल्या बाईला कावळा शिवतो. आमची आजी सांगायची, 'तिला कावळा शिवलाय, लांब राहा.' मी पत्र्यावर बसलेल्या कावळ्यांकडे बघत राहायचो. यातला कुठला आला असेल, चोच लावली असेल की पंख, याचा लहान डोक्यानं हिशोब करायचो. त्या शब्दातली खरी गोम पुष्कळ वर्षांनी ध्यानात आली. त्या चार दिवसांत बाईला शिवायची मुभा आपण फक्त कावळ्याला देऊन ठेवली होती. तिच्या आईलाही ती नव्हती.

आमचं गाव नेवासे तालुक्यातलं. आक्का, माझी थोरली बहीण, तेव्हा तेरा-चौदा वर्षांची असेल. पडवीच्या कोपऱ्यात गोणपाट, त्यावर जुनी वाकळ, उशाला जर्मनचा तांब्या, आणि गुडघे पोटाशी घेऊन पडलेली ती. तिचं ताट उंबऱ्यावरून सरकवायचं काम माझ्याकडे होतं. एकदा ताट सरकवून वळलो तशी ती म्हणाली, 'जरा कंबरेवर पाय दे ना रे. आण्णांची तुडवतोस तशी.' आण्णा म्हणजे आजोबा. रोज संध्याकाळी ते पालथे पडायचे आणि मी भिंत धरून त्यांची पाठ तुडवायचो. मणक्याच्या दोन्ही अंगांनी, टाचेनं हळूहळू खाली कंबरेपर्यंत. त्या कामात मी तरबेज होतो, घरात माझं त्याबद्दल कौतुकही होतं. मी एक पाऊल पुढं टाकलं आणि आतून आजी ओरडली, 'शिवू नको!' मी मागं फिरलो. त्याच संध्याकाळी आण्णांची पाठ तुडवली.

ही गोष्ट सांगण्यात माझा काही मोठेपणा नाही. मी नऊ वर्षांचा होतो, आज्ञाधारक होतो. पण विचार करू लागलं की अंगावर काटा येतो. ज्या घरात माणसाच्या दुखऱ्या अंगावर हात ठेवायची एवढी मोठी विद्या नांदत होती, त्या घरानं ती विद्या नेमक्या एका दुखण्याला नाकारली होती. मराठी संसार हातांवर चालतो. बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घालतात, बाळंतिणीला तेल लावून अंग चोळतात, तालमीत पहिलवानाची मालिश होते, न्हाव्याच्या खुर्चीत चंपी होते, सासऱ्याचे पाय चेपायला सून असते. लचक भरली तर ती उतरवणारा माणूस चार गावांत ठाऊक असतो. मोडलेल्या हाडापासून बैलाच्या खांद्यापर्यंत सगळ्यांना आपल्याकडे चोळणारा, दाबणारा, शेकणारा हात आहे. महिन्याच्या महिन्याला दुखणाऱ्या पोटाला मात्र गोणपाट आहे.

आता हे दुखणं काय असतं ते एकदा नीट समजून घेऊ, कारण 'बायकांचं असतंच ते' या तीन शब्दांखाली आपण ते गाडून टाकलेलं आहे. गर्भाशयाचं आतलं अस्तर गळू लागतं तेव्हा त्यातून प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं सुटतात. त्यांच्यामुळे गर्भाशयाचा स्नायू आवळतो. तो फार जोरात आवळला की त्याच्याच रक्तवाहिन्या दाबल्या जातात, स्नायूला प्राणवायू कमी पडतो आणि कळ उठते. छातीत कळ येते तेव्हा हृदयाच्या स्नायूलाही असाच प्राणवायू कमी पडतो. फरक इतकाच, की छातीवर हात ठेवून बसलेल्या पुरुषासाठी आपण गाडी काढतो. गर्भाशयाच्या मज्जातंतूंचा पाठीच्या खालच्या मणक्यांशी आणि त्रिकास्थीशी, म्हणजे माकडहाडाच्या वरच्या त्या चपट्या हाडाशी, संबंध असतो. म्हणून कळ पोटात उठते आणि लागते कंबरेत, मांड्यांत. आक्कानं 'कंबरेवर पाय दे' म्हटलं ते म्हणूनच. तिला शरीरशास्त्र ठाऊक नव्हतं, पण दुखणं कुठून हाकता येईल हे तिच्या अंगाला कळत होतं.

फिजिओथेरपिस्ट जे करतात त्याची जात हीच आहे. बाईला कुशीवर किंवा पालथं निजवायचं, पोटाखाली उशी घ्यायची, तळहाताच्या टाचेनं त्रिकास्थीवर लयीत दाब द्यायचा, कंबरेच्या मणक्यांच्या दोन्ही बाजूंचे ताठलेले स्नायू पेरांनी सोडवायचे, ओटीपोटावरून हलका हात फिरवायचा, वर शेक द्यायचा. जोडीला मांड्या आणि कंबर ताणायचे व्यायाम. दाबाच्या आणि उबेच्या संवेदना मज्जारज्जूपाशी पोहोचल्या की दुखण्याच्या संदेशाची वाट अरुंद होते, ही कल्पना मेल्झॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी १९६५ साली मांडली. ठेच लागल्यावर आपण बोट चोळतो, ते आपण त्याही आधीपासून करत आलो आहोत.

इथं सरळ बोलायला हवं, नाहीतर उद्या कुणीतरी 'पाळीवर रामबाण मसाज' म्हणून दुकान थाटेल आणि माझं नाव सांगेल. मणक्यांना झटका देऊन पाळीचं दुखणं जातं, याला भक्कम पुरावा नाही. वैद्यकीय पुरावा तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २००६ च्या आढाव्यात खरा झटका आणि नुसता दाखवायचा झटका यांत ठळक फरक आढळला नाही. मालिश आणि दाब यांचे अभ्यास उत्साहवर्धक आहेत, पण बहुतेक लहान आहेत. शेकाचा पुरावा चांगला आहे. २००१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ओटीपोटावर सतत दिलेली मंद ऊब आयबुप्रोफेनच्या तोडीस तोड ठरली. व्यायामाचंही तसंच. २०१९ च्या कॉक्रेन आढाव्यानुसार आठवड्यातून तीन वेळा पाऊण ते एक तास व्यायाम करणाऱ्यांना दुखणं बरंच कमी जाणवू शकतं. गोळीही काम करते आणि ती घेण्यात पाप नाही. फक्त मेडिकलवाल्यानं कागदात गुंडाळून दिलेली मेफेनॅमिक अ‍ॅसिडची गोळी ही वर्षानुवर्षं कुणाला न विचारता घ्यायची वस्तू नव्हे. २०२३ च्या अखेरीस भारतीय औषधकोश आयोगानं तिच्या एका क्वचित पण गंभीर प्रतिक्रियेबद्दल सावध केलेलं आहे. आणि जे दुखणं दर महिन्याला वाढत जातं, पाळी नसतानाही राहतं किंवा लग्नानंतर संबंधाच्या वेळी होतं, त्यावर नुसता हात फिरवत बसणं हाही गुन्हाच. त्यामागे एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढण्याचा आजार, असू शकतो, गाठी असू शकतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं मूल होण्याच्या वयातल्या दर दहा बायकांत एकीला एंडोमेट्रिओसिस असतो. तो ओळखला जायला वर्षं लागतात, कारण मुलगी दुखतंय म्हणते तेव्हा घर म्हणतं, लग्न झालं की थांबेल.

म्हणजे ज्ञान आहे, आणि ते लांब मुंबईत आहे असंही नाही. आपल्या नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातच लोणीला प्रवरेच्या आरोग्य विद्यापीठात फिजिओथेरपीचं महाविद्यालय आहे, विळद घाटात दुसरं आहे. पाळीचं दुखणं आणि त्यावरचे हातांचे उपचार हा अशा महाविद्यालयांत देशभर शिकला जाणारा, प्रबंध लिहिला जाणारा विषय आहे. पण तालुक्याच्या गावात फिजिओथेरपी म्हटलं की लोकांना आठवतो तो आजोबांचा गुडघा आणि काकांचा पॅरालिसिस. पाळीच्या दुखण्यासाठी मुलीला मोटरसायकलवर बसवून तिथं नेणारा बाप मी पाहिलेला नाही. दोष त्या महाविद्यालयांचा नाही. दुखणं घराच्या बाहेरच पडत नाही, तर उपचाराला कोण जाणार?

शाळेचं बघा. सरकारनं २०१८ साली अस्मिता योजना आणली, जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या मुलींना तेव्हा पाच रुपयांत आठ पॅड. चांगलं केलं. पॅडवर भाषणं झाली, फीत कापली गेली, सिनेमासुद्धा निघाला. रक्ताबद्दल आपण बोलायला शिकलो, कारण रक्त दिसतं, डाग पडतो, आणि डागाची लाज आपल्याला फार. कळ दिसत नाही. ज्या वर्गात पॅडचं पाकीट मिळतं त्याच वर्गात मुलगी बाकावर डोकं टेकून बसली तर 'नाटकं करू नको' ऐकते. गरम पाण्याची पिशवी ठेवलेली शाळा तुमच्या पाहण्यात आहे? आडवं व्हायला एक सतरंजी? शिक्षिकांच्या खोलीत सुद्धा ती सोय नसते. स्वतः शिक्षिकाही टेबलाखाली पोटावर मूठ दाबून वह्या तपासत असते. बिहार सरकारनं आपल्या सेवेतल्या बायकांना महिन्यातून दोन दिवसांची रजा १९९२ सालीच दिली. पुरोगामी म्हणवणाऱ्या महाराष्ट्रानं बिहारवर विनोद पुष्कळ केले, हा धडा मात्र घेतला नाही.

इथं नेहमीचा एक वकील उभा राहतो. तो म्हणतो, 'अहो, बाजूला बसवणं ही विश्रांतीच होती. पूर्वजांनी विचार करून केलेलं आहे.' या वकिलाचं घर बहुधा शेतकऱ्याचं नसतं. कुणब्याच्या घरात बाजूला बसलेली बाई चुलीपासून सुटायची आणि खुरप्याला लागायची. शेण काढणं, गोवऱ्या थापणं, वाकळा धुणं, तण उपटणं ही सगळी कामं तिला 'चालत'. तिच्या हाताचा विटाळ भाकरीला व्हायचा, ज्वारीच्या पिकाला व्हायचा नाही. असला सोयीचा विटाळ पूर्वजांनी विचार करून केला असेल, तर तो विचार मजुरीचा होता. शिवाय विश्रांतीच द्यायची होती, तर अंथरूण का नाही दिलं? गोणपाट का दिलं?

पूर्वजांचंच म्हणाल तर महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामीही आपले पूर्वजच. साडेसातशे-आठशे वर्षांमागे त्यांनी हा विटाळ मानला नाही. नाकातून, कानातून जसा मळ निघतो तसंच हे, एवढं सरळ त्यांनी सांगितलं. ज्या नेवाशात ज्ञानेश्वरी लिहिली गेली, त्या नेवाशाच्या पंचक्रोशीतच आम्ही राहत होतो. आमच्या घरात ज्ञानेश्वरीचं पारायण व्हायचं. त्या सात दिवसांत आक्काची तारीख येऊ नये म्हणून तिला पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या दिल्या गेल्या. पोथी शुद्ध राहिली. पुढच्या पाळीला ती तीन दिवस उठली नाही.

आणि त्याच तालुक्यात शनिशिंगणापूर, जिथं शनीच्या चौथऱ्यावर बायकांना मज्जाव होता. २०१५ च्या नोव्हेंबरात एक बाई चौथऱ्यावर चढली आणि देवाला शिवली, तर त्या जागेचं शुद्धीकरण करण्यात आलं. पुढं आंदोलन झालं, उच्च न्यायालयानं सरकारला कायद्याची आठवण करून दिली आणि ८ एप्रिल २०१६ रोजी बायका चौथऱ्यावर गेल्या. मला त्या प्रकरणात देवापेक्षा शुद्धीकरणाचं आश्चर्य वाटलं होतं. उन्हापावसात उघड्यावर उभी असलेली शिळा. तिच्यावर पाखरं बसत असतील, धूळ उडत असेल. ते सगळं चालत होतं. इथंही कावळ्याला मुभा होतीच.

पण या लेखातला मोठा आरोप देवळावर नाही, उसाच्या फडावर आहे. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या आपल्या दुष्काळी पट्ट्यातून आणि शेजारच्या बीडमधून दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडेपर्यंत सुटका नाही. पहाटे अंधारात फडात उतरायचं, वाकून तोडायचं, पाचट काढायचं, मोळ्या बांधायच्या, त्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं. कोप्यांवर, म्हणजे मुक्कामाच्या झोपड्यांवर, न्हाणीला आडोसा नाही. एक दिवस कोयता थांबला की खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. अशा बाईला पाळी आली, ओटीपोट धरलं, कंबर मोडली, तर ती कुणाला सांगणार? महिन्याचे तीन दिवस म्हणजे तीन खाडे. सहा महिन्यांच्या हंगामाचा हिशोब मुकादमाला तोंडपाठ असतो.

मग ती अंगावर काढते. अस्वच्छ कापड, तोकडं पाणी, जंतुसंसर्ग. 'अंगावरून जातंय, कंबर लागलीय' म्हणत ती कुठल्यातरी खाजगी दवाखान्यात जाते आणि तिथं तिला सांगतात, पिशवी खराब झालीय, ठेवलीस तर कॅन्सर होईल, काढून टाक. ती हिशोब करते: एकदाच खर्च, पुढं खाडा नाही. आणि काढते. २०१९ साली हे प्रकरण उघडकीला आलं तेव्हा आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. शंभरात जवळपास सतरा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातलं प्रमाण तीनच्या आसपास होतं. यातल्या कित्येकींची चाळिशीही उलटलेली नव्हती. बीजकोषही गेले असतील तर रजोनिवृत्ती अकाली येते, हाडं ठिसूळ होतात, हृदयाला धोका वाढतो. आणि कंबरदुखी, जिच्यासाठी एवढं केलं, ती मोळीखाली तशीच राहते.

आकडा बीडचा आहे म्हणून नगरकरांनी हुश्श करू नये. त्या बायका बीडच्या, ऊस कुणाचा? साखर कुणाच्या चहात? आशियातला पहिला म्हणून ओळखला जाणारा सहकारी साखर कारखाना आपल्या प्रवरेकाठी उभा राहिला, विठ्ठलराव विखे पाटलांचं आणि धनंजयराव गाडगीळांचं नाव आपण अभिमानानं घेतो, आणि घ्यावंच. सहकारानं शेतकऱ्याला सावकाराच्या दारातून उठवलं. तोडणाऱ्या बाईला मात्र तिच्या कोपीतून सावलीत आणायला सहकाराला सत्तर वर्षं पुरली नाहीत. ज्या दुखण्याला पहिल्या दिवशी ऊब, थोडी उसंत आणि एक हात पुरला असता, त्याला आपण वीस वर्षं काहीच दिलं नाही. शेवटी भूल दिली आणि कात्री दिली.

हात कसा द्यायचा हे या जिल्ह्याला माहीत नव्हतं असं म्हणायला जागा नाही. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला आले. त्यांनी गावोगावच्या बायका निवडल्या, कित्येक निरक्षर, कित्येक दलित, काही टाकलेल्या, आणि त्यांना आरोग्यसेविका केलं. ज्यांच्या सावलीचा विटाळ मानला जायचा त्या बायकांच्या हातांनी गावातली बाळंतपणं होऊ लागली. सुरुवातीला वरच्या आळीत नाकं मुरडली गेली. मग वरच्या आळीतल्या सुनेला अडलेल्या वेळी तोच हात लागला, आणि जातीनं तिथं मुकाट माघार घेतली. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, जगभरातून लोक जामखेड बघायला आले. नगरच्या लोकांनी जामखेड किती बघितलं? गावातल्या बाईला शिकवलं तर ती नाडी बघू शकते, बाळंतपण करू शकते, मग कंबर कशी दाबायची, शेक किती द्यायचा, कुठल्या दुखण्याला ताबडतोब डॉक्टरकडे धाडायचं हे ती शिकू शकत नाही? आज गावोगाव आशा ताई आहेत. त्यांच्या पिशवीत गोळ्या आहेत, नोंदींची रजिस्टरं आहेत. रजिस्टरात पाळी चुकली की तिची नोंद होते, कारण ते बाळाच्या कामाचं. पाळी दुखली, याला रकाना नाही.

जामखेड तालुक्यातल्याच चौंडीत अहिल्याबाई जन्मल्या. त्यांच्या नावानं आपण जिल्ह्याचं नाव बदललं, पाट्या रंगवल्या, मिरवणुका काढल्या. बाईचं नाव तोंडात घ्यायला आता अडचण नाही. बाईची अडचण तोंडात घ्यायला अजून आहे. तिला आपण शब्दच 'अडचण' दिला आहे. एमसी, डेट, प्रॉब्लेम, बाहेरची, बाजूला. डझनभर शब्द, आणि एकातही दुखणं नाही.

पुरुष वाचकांना एक विचारतो. तुमची बायको पाळीत कुठं दुखतंय म्हणते? ओटीपोटात, की कंबरेत, की मांडीत? पहिल्या दिवशी जास्त, की दुसऱ्या? लग्नाला वीस वर्षं झालेल्या माझ्या मित्रांना मी हे विचारलं. क्रिकेटपटूंच्या दुखापती त्यांना सालासकट ठाऊक होत्या. हा प्रश्न ऐकून एक हसला, एकानं विषय बदलला, आणि एकानं घरी फोन लावला. तो पलीकडं जाऊन बोलला आणि परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. काय ऐकलं ते त्यानं सांगितलं नाही.

गेल्या दिवाळीत आक्काची नात सुट्टीला आली होती. बारावीचं वर्ष. दुपारी ती सोफ्यावर गुडघे पोटाशी घेऊन पडली, अगदी तशीच. आक्का तिच्यामागं बसली आणि तळहाताची टाच तिच्या कंबरेखाली टेकवून हळूहळू, लयीत दाबायला लागली. तिला हे कुणी शिकवलं ठाऊक नाही. शेजारच्या म्हाताऱ्या काकू दारातून म्हणाल्या, 'अगं, दिवाळीचे दिवस, देवघर समोर आहे.' आक्कानं मान वर केली नाही. हात चालूच होता. मी पेपर घेऊन बसलो होतो. थोड्या वेळानं ती मला म्हणाली, 'बसून काय राहिलास? जाडं मीठ तव्यावर टाक, फडक्यात बांधून आण.' मी उठलो. डबा सापडायला वेळ लागला. मीठ तव्यावर तडतडायला लागलं तेव्हा बाहेरून तिचा आवाज आला, 'आधी हातावर बघ रे, पोरीची कातडी भाजंल.'